गिरणीत न संपलेलं वर्ष

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. नागपूरहून आलेलं एक पत्र मालकांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बेटी, पूरा इंग्रजीत हाय. काय म्हणून राह्यले हे लोक, जरा समजावून सांग."

मी वाचलं. मग परत वाचलं. पत्र मोठं सभ्य होतं. आपण वापरता तो प्रोग्रॅम आता जुना झाला आहे, येत्या मार्चअखेर त्याचा सपोर्ट आम्ही बंद करत आहोत, त्यानंतर काही बिघडल्यास जबाबदारी आपली राहील, तरी आमची नवी आवृत्ती घ्यावी, आमचा माणूस येऊन दाखवील. खाली ऐटदार सही.

"मतलब?" मालकांनी विचारलं.

"मतलब मार्चनंतर आपन फोन केला तं ते उचलनार नाईत."

"अन् प्रोग्रॅम?"

"प्रोग्रॅमले काय धाड भरली, शेटजी? तो चालूनच राह्यला."

मालक हसले. मला मात्र हसू येत नव्हतं. राग आला की माझे कान गरम होतात, अजूनही होतात, आणि तेव्हा ते चांगलेच तापले होते. चार वर्षं मी तो प्रोग्रॅम चालवत होते. त्याची एकेक खोड मला ठाऊक होती. कोणती कळ जोरात दाबली की तो रुसतो, छपाई अर्ध्यात अडकली तर काय करायचं, सगळं. आणि कुणीतरी नागपुरात पंख्याखाली बसून सही ठोकून कळवत होतं की तुमचं हे आता मेलं, मूठमाती द्या.

ही गोष्ट सन दोन हजारच्या आगेमागची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या रस्त्यावर ती राईस मिल होती. मालक मुसलमान. गिरणी त्यांच्या वडिलांनी टाकलेली. मी जवळच्या खेड्यातली, बौद्धाची पोर. चंद्रपुरात मावशीच्या घरी राहून वर्षभराचा कॉम्प्युटर कोर्स केला होता. परत आले तेव्हा मालकांनी हौसेनं कॉम्प्युटर घेऊन ठेवलेला होता आणि शहरातून आणलेले दोन ऑपरेटर एकामागून एक डासांना कंटाळून पळाले होते. मी डासांतच वाढलेली, त्यामुळे नोकरी मला मिळाली. आजूबाजूच्या गावांत मला 'कम्पुटरवाली बाई' म्हणू लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आमच्या गिरणीचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. ज्याचं धान, त्यालाच त्याचा तांदूळ. आमच्या झाडीपट्टीत, या धानाच्या मुलखात, घरी खायचं धान माणूस विकत नाही. ते पोत्यांत भरून गिरणीवर आणतो, नंबर लावतो आणि पाळी आली की आपलाच तांदूळ घेऊन जातो. एकाचं धान भरडून झालं की यंत्र पूर्ण रिकामं करायचं, मगच दुसऱ्याचं लावायचं. हंगामात गोदामात शंभरेक घरांची पोती एकावर एक रचलेली असत, आणि पोती तर सगळी सारखीच. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असे. पोत्याच्या तोंडाशी एक चिंधी आणि सुतळीला मारलेल्या गाठी. कुणाची लाल चिंधी दोन गाठी, कुणाचा हिरव्या लुगड्याचा काठ, कुणाचा पिवळा नायलॉनचा दोर. आमच्या घरची निळी चिंधी, तीन गाठी. पुष्कळांना वाचता येत नव्हतं, पण गोदामाच्या अंधारात नुसता हात फिरवून ते आपलं पोतं काढून दाखवत.

प्रोग्रॅम बसवायला कंपनीचा जो पहिला माणूस आला होता, तो तीन दिवस आमच्याकडे राहिला, आमच्यासोबत जेवला, हमालांबरोबर गोदामात हिंडला. तिसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "तुम्ही पोतं ओळखता कशावरून?" मी चिंधी दाखवली. त्यानं तिथल्या तिथे बसून 'खूण' नावाचा एक रकाना घातला, वीस अक्षरांचा. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मी मराठी लिहायची, लाल चिंधी दोन गाठ, आणि तशी चिठ्ठी छापून निघायची. पुढे त्यानं कंपनी सोडली. कंपनीत त्याच्यासारखा दुसरा कुणी उरला नसावा, असं मला त्या पत्रावरून वाटलं.

दिवाळी झाल्यावर नवा साहेब आला. नागभीडला रेल्वेतून उतरून एसटीनं आला, त्यामुळे जरा वैतागलेलाच होता. सोबत नवा कॉम्प्युटर, रंगीत पडदा, बाण हलवायला माऊस. हमाल दारात गोळा झाले. मीही भुलले, नाही कशाला म्हणू? मग त्यानं नोंद करून दाखवली. नाव, गाव, वाण, वजन.

"आणि खूण?" मी विचारलं.

"कसली खूण?"

मी समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. "मॅडम, वाण एक, वजन बरोबर. तांदूळ तो तांदूळ. कोणाचा कोणाला गेला, काय फरक पडतो?"

त्याचं म्हणणं असं. सगळ्यांचं एका वाणाचं धान एकत्र करायचं, यंत्र सलग चालवायचं आणि ज्याला त्याला वजनाप्रमाणे तांदूळ मोजून द्यायचा. दर वेळी यंत्र रिकामं करणं नको, पाळी नको, शेतकऱ्याला थांबणं नको. साहेब उंटावरचा शहाणा होता, पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. लोडशेडिंगमध्ये आमचा अर्धा दिवस जायचा, आणि जी काही वीज मिळे तिच्यातली बरीच यंत्र रिकामं करण्यात जायची. मालकांचे डोळे चमकले.

"तू काय म्हनते, बेटी?"

इथे माझं चुकलं. मी गप्प बसले. कारण साहेबानं जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, "गरज पडली तर आम्ही ट्रेनिंग दिलेला ऑपरेटरही देतो." ते मी बरोबर ऐकलं. नव्याला नाही म्हटलं की लोक म्हणणार हिला जमत नाही. आणि माझी खुर्ची कितीशी मजबूत होती? म्हणून मी मान हलवली आणि म्हणाले, "करून पाहू, शेटजी." ते गप्प बसणं माझं होतं. ते मला दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येत नाही.

डिसेंबरात पंधरा दिवस नवा प्रोग्रॅम चालवून पाहायचं ठरलं. गाठी सुटल्या, धान एकत्र झालं, यंत्र धडधडत राहिलं. आठव्या दिवशी एक मोठा शेतकरी माझ्या खिडकीशी आला. चांगल्या घरचा, नेहमी 'बाई' म्हणून गोड बोलणारा.

"बाई, आमच्या तांदळात आता कोनाकोनाचा तांदूळ येऊन राह्यला, काई समजत नाई." एवढं म्हणून त्यानं कोपऱ्यात ठेवलेल्या पोत्यांकडे पाहिलं. त्यांना निळ्या चिंध्या होत्या. पुढे काही बोलायची गरज नव्हती.

"तांदूळ तो तांदूळ, भाऊ," मी म्हणाले. साहेबाचं वाक्य माझ्या तोंडून आलं, आणि मला त्याचा आनंद झाला. मिसळू दे! ज्यांच्या ओट्यावर आमच्या बापजाद्यांना बसू दिलं नाही, त्यांच्या ताटात आता आमच्या वावरातला तांदूळ जाणार. चिवडून बाजूला काढून दाखव म्हणावं. त्या दिवशी मी गाणं गुणगुणत घरी गेले.

घरीही त्याच दिवशी आमचा तांदूळ येऊन पडला होता. आईनं भात केला. बाबांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले.

"हा कोनाचा?"

"आपलाच," मी म्हणाले.

"हा आपला नाई."

मी मग सगळं सांगितलं. नवा प्रोग्रॅम, एकत्र धान, आणि त्या शेतकऱ्याची फजिती तर मी रंगवून सांगितली. बाबा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. जेवण त्यांनी संपवलं, कारण अन्न टाकायची आमच्या घरी रीत नाही. मग हात धुताना म्हणाले, "उद्या येतो मी गिरनीवर."

बाबांनी अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या बांधीत काढलं. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर. कापणी ते करत, मळणी ते करत, बैलबंडीत पोती घालून गिरणीवर तेच आणत, आणि तांदूळ दुसऱ्याच्या घरी पोचवत. पन्नाशीला आले तेव्हा सरकारी पट्ट्यानं दोन एकर मिळाले, गावच्या बोडीखाली, म्हणजे छोट्या तळ्याखाली. पहिल्या वर्षी सात पोती धान झालं. बाबांनी आपला जुना निळा सदरा फाडून सात चिंध्या केल्या आणि प्रत्येक पोत्याला तीन गाठी मारल्या. तीनच का, असं मी विचारलं होतं. "दोनची खून पाटलाची हाय," ते म्हणाले होते, "मले एक जास्त पायजे."

दुसऱ्या दिवशी ते पायी आले. हातात डबा. तो त्यांनी माझ्या कीबोर्डजवळ ठेवला, झाकण काढलं. कालचाच भात. मालक बाहेर आले.

"काय भाऊ, काय झालं?"

"शेटजी, हा तांदूळ माहा नाई. मले माहा पायजे."

"वाण तोच, वजन तेच, भाऊ. एक दाना कमी नाई."

"कमी हाय असं मी म्हनलोच नाई. माहा नाई, असं म्हनून राह्यलो."

हमालांनी हातातली कामं थांबवली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा माझ्याकडे पाहतच नव्हते.

"शेटजी," ते म्हणाले, "तुमच्या अब्बाच्या टायमापासून मी या गिरनीत धान आनून राह्यलो. दुसऱ्याचं. त्यायच्या पोत्याले त्यायच्या गाठी मीच मारत होतो. तवा कोनी म्हनलं नाई का तांदूळ तो तांदूळ. आता माह्यं धान हाय, माही गाठ हाय, अन् आताच तुमी गाठी सोडून राह्यले?"

मालकांनी डब्यावर झाकण ठेवलं. मग मीच तोंड उघडलं. "पन बाबा, तो मानूस काल काय म्हनला ते सांगितलं नं मी. त्याच्याच तांदळात गेला आपला. जाऊ द्या नं."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याले त्याचा विटाळ, मले माहा हक. दोघायची पोती अलगच ठेव."

डबा तिथेच ठेवून ते निघून गेले. त्यांचं धान परत मिळणार नव्हतंच. ते वीस घरांच्या चुलींवर शिजून गेलं होतं. त्या वर्षी बाबांनी तो मिसळलेला तांदूळच खाल्ला. फक्त रोज ताटावर बसताना एकदा माझ्याकडे पाहायचे. मला ते वर्षभर खाली मान घालून जेवावं लागलं.

मालक दुपारी माझ्या टेबलाशी आले. ते भल्या मनाचे होते आणि त्यांना बाबांचं लागलं होतं. "तुह्या बाबाचं बरोबर हाय, बेटी. पन जुना प्रोग्रॅम मार्चनंतर बिघडला तं मी कोनाले पकडू?"

"मले पकडा."

"तू का कंपनी हाय?"

"मार्चपर्यंत टाइम द्या. नागपूरशिवाय चालते का नाई, ते मी दाखवतो. नाई चाललं, तं आनून बसवा त्यायचा ऑपरेटर, मी घरी जातो."

मालकांनी मार्चपर्यंतची मुदत दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून जुना प्रोग्रॅम आणि गाठी परत सुरू झाल्या. बोलून गेले खरी, आणि मग रात्रभर माघार कशी घ्यावी ते जुळवत पडले. पण सकाळी उठले ती दोनशे पानी वही घेऊनच. पहिल्या पानावर मी एकच प्रश्न लिहिला. काय काय मरू शकतं?

मरू शकणाऱ्या गोष्टी बऱ्याच निघाल्या. कॉम्प्युटर स्वतः. फ्लॉप्या. प्रिंटर. वीज तर रोजच मरायची. आणि मी. मी लग्न होऊन गेले किंवा तापानं पडले तर? म्हणून प्रत्येक गोष्टीला मी एक पान दिलं. चंद्रपुरात ज्या क्लासमध्ये मी शिकले तो बंद पडत होता, तिथून आमच्यासारखाच एक जुना कॉम्प्युटर मालकांनी आणून दिला. त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला आणि दर बाजाराच्या दिवशी काढून चालवून पाहायचा असं ठरवलं. सगळ्या नोंदींच्या फ्लॉप्यांचे तीन संच केले. एक गिरणीत, एक मालकांच्या कपाटात, एक आमच्या घरी चहाच्या डब्यात. आई सगळ्यांना सांगायची, "पोरीनं गिरनी आनून ठेवली डब्यात."

आणि नागपूरचा सपोर्ट? तो मार्चपर्यंत होता ना? मग तो उसासारखा पिळून घ्यायचा मी ठरवलं. दर सोमवारी गिरणीच्या फोनवरून लावायची. हा निरोप पडद्यावर आला तर काय समजायचं? ही फाईल उडाली तर कुठून आणायची? नवा प्रिंटर लावला तर कोणता आकडा बदलायचा? पलीकडचा मुलगा आधी उत्साहानं सांगायचा, मग उसासे टाकायला लागला, शेवटी माझा आवाज ऐकला की "मॅडम, सर बाहेर गेलेत" म्हणायचा. मी म्हणायची, "सर कशाले पायजे, बापा? तुले येते ते तू सांग." एकेक उत्तर वहीत. बाईमाणसाला चिकट म्हणतात ते वाईट अर्थानं म्हणतात, पण चिकटपणाशिवाय या जगात कुणी कुणाला काही सांगत नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी विचारलं, "नव्या वर्षाचा नंबर?"

ही त्या प्रोग्रॅमची खरी गोम होती. मार्चअखेर 'वर्ष बंद करा' असं दाबलं की तो एक नंबर मागायचा. तो नंबर कंपनी फोनवर द्यायची. तो घातला की नवं वर्ष उघडायचं आणि खेपांचे, म्हणजे एकेका घरच्या आलेल्या धानाचे, आकडे पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. नंबर नसला तर नवं वर्ष नाही, आणि मार्चनंतरची कोणतीही तारीख तो घेणार नाही.

"तो आता नाही मिळणार, मॅडम. सपोर्टच बंद आहे ना."

"आमी रोख विकत घेतला हाय प्रोग्रॅम."

"प्रोग्रॅम तुमचाच आहे. नंबर आमचा आहे."

मी फोन ठेवला. कान असे तापले होते की वाटलं आता केस जळतील. म्हणजे वर्ष उघडायचं की नाही तेही नागपूरच ठरवणार! घर आमचं, कुलूप त्यांचं. दोन दिवस एकच उद्योग. वही उघडायची आणि मिटायची. मागच्या चार मार्चमध्ये मी काय काय दाबलं होतं, ते पुन्हा पुन्हा आठवून पाहत होते.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. नंबर तो वर्ष बंद करताना मागतो. बंदच केलं नाही तर?

जुन्या कॉम्प्युटरवर, तो जो प्लास्टिकमध्ये ठेवला होता त्याच्यावर, मी करून पाहिलं. मशीनची तारीख एप्रिलची केली. प्रोग्रॅम कुरकुरला. मग ती वर्षभर मागे नेली, मागच्या एप्रिलवर. तो मुकाट्यानं चालू लागला, खेपेचा पुढचा आकडा दिला, खूण विचारली. मी खुर्चीवरून उठून गोदामात गेले आणि हमालांच्या मुकादमांना उगीचच चहा पाजला.

चिठ्ठीवर तारीख मागच्या वर्षाची छापली जाणार होती. त्याच्यावर मी पेनानं खरी तारीख लिहीन. तारीख खोटी, खूण खरी. कुणाचं काय बिघडतं? एकच अडचण होती. खेपांचा आकडा एकपासून सुरू होणार नव्हता, तो वाढतच जाणार होता, आणि रकान्यात चारच आकडे मावत होते. मी वहीत मांडून पाहिलं. पाच हंगाम नक्की निघत होते, सहावा अर्धा. म्हणजे आमच्या प्रोग्रॅमलाही मरण होतंच. पण ते मरण नागपूरनं पत्रानं कळवलेलं नव्हतं, मी मोजून काढलेलं होतं, आणि त्याला अजून पाच वर्षं अवकाश होता.

मार्चमध्ये मालकांनी परीक्षा घेतली. सकाळीच येऊन त्यांनी फोनची वायर काढून ठेवली आणि कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. "समज, दोन्ही मेले. चालव गिरनी."

आदल्या संध्याकाळी छापून ठेवलेली यादी माझ्याकडे होती. घरी जाण्याआधी गोदामातल्या सगळ्या खेपांची यादी खुणांसकट कागदावर काढायची, हे मी जानेवारीपासूनच सुरू केलं होतं. मुकादम गोदामातून ओरडायचे, "हिरवा काठ, एक गाठ!" मी नाव वाचायची. दुपारी दोन लाल चिंध्या निघाल्या, दोन गाठींच्या, दोन वेगवेगळ्या गावांच्या, आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी यादीत पाहिलं. एकाच्या पुढे मी लिहून ठेवलं होतं, गाठ उलटी. मुकादमांनी पोतं चाचपलं आणि म्हणाले, "हाव व, उलटीच हाय." संध्याकाळपर्यंत अकरा घरांचा तांदूळ अकरा घरी गेला. मालकांनी फोनची वायर जोडली आणि पहिला फोन नागपूरला लावला. तुमचा कॉम्प्युटर घेऊन जा म्हणाले.

एप्रिल उजाडला. मी मशीनची तारीख वर्षभर मागे नेली. पुढच्या एप्रिलला पुन्हा नेली. आमच्या गिरणीत ते वर्ष संपलंच नाही. बाहेर पंचायतीच्या निवडणुका झाल्या, रस्त्याचं डांबरीकरण झालं, माझं लग्न झालं ते शेजारच्याच गावात झालं म्हणून नोकरी टिकली, लोकांच्या खिशात मोबाईल आले, आणि आमचा कॉम्प्युटर आपला त्याच वर्षात बसलेला. एका पावसाळ्यात वीज पडली आणि तो जळाला. मी प्लास्टिक काढलं, चहाच्या डब्यातल्या फ्लॉप्या मागवल्या आणि जेवायच्या सुट्टीच्या आत गिरणी सुरू झाली. त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. आणि बाबा दर हंगामात सात-आठ पोती घेऊन यायचे, तीन गाठी मारलेली, आणि आपला तांदूळ घेऊन जायचे. ताटावर बसताना माझ्याकडे तसं पाहणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं.

पाचवा हंगाम संपत आला तेव्हा आकडा आठ हजारांच्या बराच पुढे गेला होता. मीच मालकांकडे गेले. "शेटजी, आता नवा प्रोग्रॅम घ्या लागते."

"अब तू बोलते?" मालकांनी कपाळाला हात लावला. "पाच साल तू नव्याले नाई म्हनून राह्यली."

"मी नव्याले कधी नाई म्हनलं? मी खून मिटवायले नाई म्हनलं."

प्रोग्रॅम करणाऱ्या तिघांना बोलावलं. दोघांनी वही पाहिली आणि पुन्हा फिरकले नाहीत. तिसरा आला तो ओळखीचा निघाला. तोच 'तांदूळ तो तांदूळ' म्हणणारा साहेब, कंपनी सोडून आता स्वतःचा धंदा टाकलेला, केस पांढरे व्हायला लागलेले. त्यानं आमची चिठ्ठी हातात घेतली, छापलेली तारीख पाहिली, त्यावरची पेनानं लिहिलेली तारीख पाहिली, आणि वही मागून घेतली. मग दोन दिवस बसून त्यानं वही वाचली, पहिल्या पानापासून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाला, "मॅडम, मला एकदा गोदामात घेऊन चला. तुम्ही पोतं ओळखता कसं, ते दाखवा."

मी माझ्या तीन अटी सांगितल्या. खुणेचा रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाता येता कामा नये. रोज संध्याकाळी सगळं कागदावर निघालं पाहिजे. आणि आमचं वर्ष आम्ही उघडणार, कुणाच्या नंबराशिवाय. तिसरी अट लिहून घेताना तो खाली पाहत होता, आणि मीही त्याला खालीच पाहू दिलं. काही गोष्टी माणसाला सोसू द्याव्या लागतात.

नवा प्रोग्रॅम सुरू करायच्या दिवशी साहेब म्हणाला, "तपासून पाहायला काहीतरी खोटं नाव टाकू या." मी म्हटलं खोटं कशाला, खरी खेप दारात उभी आहे. बाबा आले होते. आता त्यांच्यानं पोतं उचलवत नव्हतं, ते एका पोत्यावर बसून होते. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. साहेबानं नाव लिहिलं, गाव लिहिलं, वाण, वजन. मग मी सांगितलं आणि त्यानं लिहिलं, यावेळी मराठी अक्षरांत. निळी चिंधी, तीन गाठी.

बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय लिवलं?"

"तुमची खून."

"मिटनार तं नाई?"

"नाही हो बाबा, आता कधीच..." साहेब बोलायला लागला. मी त्याला थांबवलं.

"मिटंन, बाबा. हे बी जुनं होईन. एक दिवस हे साहेब बी फोन उचलनार नाईत. म्हून वही हाय."

बाबांनी वही मागितली. उलटीसुलटी करून पाहिली. पाच-सहा वर्षांच्या घामानं तिचे कोपरे काळे पडले होते. मग ते उठले, आपल्या पोत्याशी गेले, तोंडाशी बांधलेली निळी चिंधी सुतळीसकट सोडली आणि वहीभोवती गुंडाळली. कुणाची मदत घेतली नाही. एक गाठ, दुसरी, आणि पाटलाहून एक जास्त.

"घे," म्हणाले. "आता कोनाची वही हाय, ते समजंन सगळ्यायले."

मी वही घेतली. मग दारात जाऊन मुकादमांना सांगितलं, यंत्र रिकामं करा, बाबांचं धान लावायचं आहे.